पुढची सीट आणि विमानाचा तोल

आता याला चूक म्हणायचं की शुद्ध मूर्खपणा, ते तुम्हीच ठरवा राव. चहा घ्या, सांगतो.

आमची कंपनी महाळुंग्यात. इंदूरकडच्या एका गिऱ्हाइकाला आमचा शाफ्ट दाखवायचा होता. नमुना पास झाला तर ऑर्डर, आणि ऑर्डर आली तरच कंत्राटावरच्या बारा जणांचं काम टिकणार. नाहीतर एक तारखेपासून ते घरी. साहेब म्हणाले, "कदम, अकराला तिथं पाहिजे. विमानानं जा."

विमान बघून हिरमोडच झाला. एवढंसं जेट! एका बाजूला एकेक सीट, दुसरीकडं दोन-दोन. आमची कंपनीची बस याहून ऐसपैस. पण मला दुसऱ्या रांगेतली खिडकी मिळाली, म्हणून मी खूश. कंपनीच्या बसमध्ये पुढची सीट म्हणजे मान असतो हो! नवा माणूस मागं चाकावर आदळत बसतो. मला पुढं यायला चौदा वर्षं लागली, तीसुद्धा एक जण रिटायर झाला म्हणून.

पन्नास सीटांच्या विमानात माणसं वीस-बावीस, आणि सगळी पुढंच. तेवढ्यात एअर होस्टेस आली.

"सर, जरा शेवटच्या रांगेत बसाल का? तोल सांभाळायचाय."

माझं डोकंच सटकलं. कुणा बड्या माणसाला पुढं बसवायचं असणार, दुसरं काय?

"का म्हणून? मी काय काल भरती झालोय?"

"सर, विमान पुढं जड झालंय."

"मग ज्याचं वजन जास्त त्याला उठवा!"

पलीकडं मोशीचे एक अण्णा बसले होते, गळ्यात जाड साखळी. त्यांना चेव आला. "व्हय, बराबर हाय! आमी बी न्हाई उठायचं!"

झालं! मी ताडकन उभा राहिलो, छताला डोकं आपटलं, आणि तशातच भाषण ठोकलं. "आज मागं पाठवतील, उद्या खाली उतरवतील! कुणी हलायचं नाही!" दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं.

वीस मिनिटांनी कॅप्टन स्वतः आला. पोरसवदा, शांत.

"काका, काम काय करता?"

"बॅलन्सिंग," मी म्हणालो.

खरंच हो! फिरणारा शाफ्ट एका अंगाला जड झाला की थरथरतो. तो ग्रॅमग्रॅमनं सारखा करायचा, हेच मी अठरा वर्षं करतोय. तोंडातून शब्द निघाला आणि माझं मलाच कळलं. मी बॅग उचलली आणि मुकाट मागं गेलो.

"पाव्हणं, आदी सांगायचं की!" म्हणत अण्णाही मागं आले.

तोवर उड्डाणाची पाळी हुकलेली. पुढं तासभर तिथंच बसून. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते.

त्यांनी शाफ्ट तपासला. खोट निघाली नाही. पण त्यांचे साहेब सही करेनात. आमच्या धंद्यात काहीही चुकलं की 'का, का' विचारत मूळ कारण कागदावर आणावं लागतं. त्यांनी कागद पुढं ओढला.

"लेट क्यों?"

"फ्लाइट लेट."

"वो क्यों?"

"एक पॅसेंजर सीट से नहीं उठा."

"क्यों नहीं उठा?"

"उसको बॅलन्स समझा नहीं, साहब."

"कौन था?"

थाप मारणार होतो. पण थाप पकडली गेली तर ऑर्डरच जाणार, आणि ते बारा जण डोळ्यांपुढं आले. म्हटलं, "मैं."

साहेबांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता लिहिलं, ऑर्डरवर सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. उपाय म्हणून लिहिलं होतं: संबंधित माणसाला बॅलन्सिंगचं ट्रेनिंग द्यावं. खाली ट्रेनिंग देणाऱ्याचं नाव मागितलं होतं.

मी माझंच लिहिलं. आमच्या कंपनीत ते शिकवणारा दुसरा कुणी नाहीच ना!