टबातला पैसा

माझी बायको उल्का हॅम्बर्गमध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियमचा संसार कसा मोडतो ते बघते. दोन धातू बोल्टने जोडून खाऱ्या पाण्याच्या टबात ठेवले, की एक दुसऱ्यापायी झिजतो. किती आणि कसा, यावर तिची पीएचडी. त्या टबांवर तिचा एवढा जीव, की रविवारीसुद्धा एस-बानची लोकल पकडून त्यांची ख्यालीखुशाली विचारायला जाते. नवऱ्याचा, म्हणजे माझा, मल्हारचा, नंबर त्यानंतर.

गेल्या वर्षी माझी आई देवगडहून आली. एका शुक्रवारी उल्काने तिला हौसेने लॅब दाखवली. टबातलं पाणी समुद्रातून आणलंय, एवढं मात्र तिने सांगायला नको होतं. समुद्राला रिकाम्या हाताने भेटायचं नाही, हा आईचा नेम. उल्काला फोन आला तेवढ्यात आईने बटव्यातला जुना तांब्याचा पैसा टबात सोडला आणि हात जोडले.

तांब्याशी गाठ पडली की ॲल्युमिनियमची धडगत नसते. रविवारी उल्का गेली, तर ॲल्युमिनियमच्या प्लेटवर पैशाभोवती खड्डे. सहा महिन्यांची चाचणी बाद झाली, आणि तिचं कॉन्ट्रॅक्ट वर्षभरात संपणार होतं. "पाहुणी माझी होती, लक्ष माझं नव्हतं," असं तिने प्रोफेसरांना सांगितलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मला दम भरला, "आईंना कळता कामा नये."

आई फोनवर उल्काला विचारायची, "माझा पैसा आहे ना गं तिथे?"

"आहे, आई." खोटं नव्हतं. तो लॅबमध्येच, तिच्या ड्रॉवरमध्ये होता. मी मात्र तो सगळा हिवाळा चहा गार झाला म्हणूनसुद्धा बोलणी खाल्ली.

या जूनमध्ये थीसिस एकदाचा जमा झाला. आई पुन्हा आली आणि लॅबला निघाली. तिथे दाराशीच उल्काने प्लास्टिकची बादली ठेवली होती. आत नुसतं समुद्राचं पाणी आणि तळाला तो पैसा.

"आई, तुमचा पैसा."

आईने बादलीकडे पाहिलं, मग टबांकडे. होड्यांचे खिळे गंजताना पाहण्यात तिचा जन्म गेलाय.

"मागल्या वेळी हा पत्र्यावर पडला होता. काही बिघडलं होतं का गं?"

"आल्झो... म्हणजे, सहा महिने गेले, आई."

"मग रागावली कशी नाहीस?"

"रागावले होते की. मल्हारवर."

आईने मला आपादमस्तक न्याहाळलं. "त्याला चालतं," म्हणाली. मग बादलीत हात घालून पैसा काढला, पदराला पुसला आणि उल्काच्या हातावर ठेवला.

"पण पुढच्या वेळी मला बोल. मुली आईला बोलतात."