कोवळं ऊन आणि पॉलिमरेज ईटा

आमच्या हदगावात कुठल्याही दुखण्यावर एक फुकटचा उपाय ठरलेला आहे: कोवळ्या उन्हात बसणे. लहानपणी माझ्या तोंडावर मिरे सांडल्यासारखे डाग पडू लागले, तेव्हा अख्ख्या गल्लीनं तोच सांगितला. आईनं मनावर घेतलं. रोज सकाळी हळद-साय फासून मला गच्चीवर बसवलं जाई. डाग वाढले की उन्हाची वेळही वाढे. आगीत तेल ओतणं हा वाक्प्रचार शाळेत आला तेव्हा मला अर्थ विचारावा लागला नाही.

पुढे नाकावर गाठ आली. नांदेडला काढली, ती कॅन्सरची निघाली. मग रक्त तपासलं आणि डॉक्टरीणबाईंनी समजावलं. उन्हानं सगळ्यांच्याच डीएनएला इजा होते. पेशी त्याची नक्कल करते, तेव्हा नेहमीचं प्रथिन अशा खराब जागी येऊन अडतं. तिथं पॉलिमरेज ईटा नावाचं दुसरं प्रथिन पुढं होतं, बरोबर अक्षरं भरतं आणि काम मार्गी लावतं. ते ज्याच्यावरून बनतं ते जनुक म्हणजे पीओएलएच. माझ्यात त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यामुळं ते नाजूक काम माझ्यात भलतीच धांदरट प्रथिनं करतात आणि चुका करून ठेवतात. ऊन जन्मभर टाळायचं.

"आईवडील नात्यातले का?" बाईंनी विचारलं. आई म्हणजे वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडं मामाची पोरगी हक्काची असते.

एवढं ऐकून घरी आल्यावर आई म्हणाली, "पण सकाळचं कोवळं तर चालंल की."

माझा थोरला भाऊ लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. आनुवंशिकता हा त्याचा हातखंडा विषय. त्याचंही लग्न मामाच्याच मुलीशी ठरत होतं. म्हटलं, आधी दोघांचं रक्त तपासून घ्या. स्वारी भडकली. "पत्रिका जुळली न्हवं? उगं फाटे फोडू नको." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला त्याचा इतका राग आला की बोलणंच टाकलं.

लग्नाची सुपारी फोडायला सगळे मामाच्या घरी जमलो. मी तरीही तपासणीचा विषय काढलाच. मामा हसला. "आमच्या पोरीला कशाला तपासायचं? अंगावर एक डाग न्हाई तिच्या."

नवरी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती त्याच क्लासात दोन वर्षं शिकलेली, भावाला अजून सरच म्हणायची.

"सर, एक शंका हाय," ती म्हणाली. "आईबाप धडधाकट, पण दोघांकडं बिघडलेली एकेक प्रत हाय. पोरगं आजारी निघायची शक्यता किती?"

भावानं सवयीनं उत्तर दिलं, "चौघांत एक."

आम्ही चौघं भावंडं समोर ओळीनं बसलो होतो. त्यातली एक घरातसुद्धा तोंडावर ओढणी घेऊन. भावानं हळूच मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

मामानं सुपारी ताटात परत ठेवली. "रगत नांदेडला द्यावं लागंल का लातूरला चालंल?"

आई उठली. माझ्या बाजूच्या खिडकीतून ऊन येत होतं, तिचा पडदा तिनं ओढून घेतला.