बेस्तरवारची दुखणेकरी मंडळी

आमच्या मंडळींपैकी कुणीही दोघं कुठं भेटले की चहा हमखास गार होतो. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि गंमत म्हणजे सगळे किस्से दुखण्याचे! कुणाची पाठ, कुणाची कंबर, कुणाचा खांदा. शेजारच्या बाकड्यावरच्या माणसाला वाटावं, ही माणसं कुठल्या तरी सहलीला जाऊन आलीत. आम्ही जायचो बारामतीला, मानसोपचार करणाऱ्या एका मॅडमकडं, दर गुरुवारी. आमच्याकडं गुरुवारला म्हणतात बेस्तरवार. नव्वद सालानंतरची ही गोष्ट.

माझं इंदापूरला सायकलचं दुकान. एकदा मालाची पेटी उतरवताना पाठीत जी कळ गेली, ती कायमची मुक्कामाला राहिली. त्यात दुकान म्हणजे दिवसभर माणसांची ये-जा. पंक्चर काढायला आलेला प्रत्येक जण पंक्चर निघेपर्यंत मला औषध सांगायचा! एरंडाचा पाला बांधा, वीट तापवून शेका, तेल चोळा. मी सगळं केलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, पायाळू माणसाची लाथ खा, उसण पळते.

आमच्या पाहुण्यांत पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला, एकच, माझा मेव्हणा. त्याला निरोप जायचा अवकाश, पहिल्या गाडीनं आला. एवढ्या आनंदानं तो आमच्या घरी कधीच आला नव्हता! दारात उभं राहून त्यानं लाथ घातली. पाठ होती तशीच राहिली, पण मेव्हणा त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

*

हे असंच चाललं असतं, पण वैशूचं लग्न ठरलं. वैशू माझी एकुलती लेक. कन्यादानाला आईबापांनी पाटावर बसायचं, आणि मला तर चहाचा कप संपेपर्यंतही मांडी घालून बसवत नव्हतं. मेव्हणा लगेच म्हणाला, "दाजी, कशाला जिवाला त्रास? मी आन् बायकू बसतो की!" नुसतं म्हणून थांबला नाही, जरीकाठी धोतरसुद्धा घेऊन आला.

बाकी सगळं दुसऱ्यानं केलं असतं तर चाललं असतं, पण वैशूचा हात माझ्याच हातातून जायला हवा होता.

बारामतीच्या हाडांच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्यांनी पाठीचा फोटो उजेडात धरला, खाली ठेवला आणि म्हणाले, "दुखणं पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. पण ते सांभाळून जगायचं कसं, हे शिकवणाऱ्या एक मॅडम पुण्याहून येतात. वरच्या मजल्यावर."

"म्हणजे वेड्याच्या डॉक्टर?"

"जिना चढून तर बघा!"

आता पाठदुखीवाल्यांची खोली वरच्या मजल्यावर ठेवण्याची अक्कल कुणाची, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बायकोनं आळीत सांगून टाकलं, हे स्पेअर पार्ट आणायला बारामतीला जातात म्हणून. तेही खोटं नव्हतंच म्हणा.

*

पहिल्या बेस्तरवारी जिना चढून गेलो तर बाकावर लासुर्ण्याचे तात्या. माझं जुनं गिऱ्हाईक, ऊसवाले, वर्षाला एक टायर ठरलेलं. दोघांचेही चेहरे उतरले.

"तात्या, तुम्ही इथं?"

"मी व्हय? मी... जागा बघाय आलोय. भाड्यानं मिळती म्हणं. आन् तुमी?"

"मी सायकल द्यायला आलोय."

तात्यांनी माझ्या मोकळ्या हातांकडं बघितलं, मग जिन्याकडं बघितलं. "वरच्या मजल्यावर?"

तेवढ्यात दार उघडलं आणि मॅडम म्हणाल्या, "पाठ आणि कंबर, दोघंही आत या!"

आम्ही मुकाट्यानं आत गेलो. आत आणखी दोघं होते. पळसदेवच्या शेवंताआक्का, मासळी विकायच्या, पाटी उचलून उचलून खांदा धरलेला. आणि निमगाव केतकीचे भिकूआबा. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. आता शेती आली तरी आबांचा जीव मेंढरांच्या बाजारातच. एका एडक्यानं धडक दिली तेव्हापासून कंबर अधू. आबा त्या एडक्याचं नाव अजून आदरानं घेतात!

तात्यांनी बसल्या बसल्या बाही वर केली. "घ्या म्याडम, सुई टोचा!"

"मी सुई देत नाही."

"मग गोळी?"

"गोळीही नाही. आपण बोलणार."

तात्यांनी बाही खाली ओढली. "बोलायलाच यायचं हुतं तर बायकूला घरी कशाला ठिवली?"

*

मॅडमनी पहिला नियम घरच्यांना घातला. उठता-बसता "दुखतंय का?" असं विचारायचं नाही. दर वेळी विचारलं की मन पुन्हा तिथंच जाऊन बसतं. त्यापेक्षा विचारा, आज काय काय केलं?

तात्यांच्या कारभारणीनं नियम अर्धाच ऐकला आणि तो सगळ्या लासुर्ण्याला लागू केला. भेटायला येणाऱ्याला ती उंबऱ्यावरच अडवायची, "दुखण्याचं नाव काढायचं आसंल तर हितनंच माघारी!" माणसं आत यायची, पावसाचं बोलायची, उसाच्या तोडीचं बोलायची, चहा पिऊन जायची. कंबरेचं कुणी अक्षर काढेना.

पुढच्या बेस्तरवारी तात्या रागानं लाल. "म्याडम, आवो मी मेलोय का जित्ता हाय, कुणी इचारंना! सख्खा भाऊ आला, बैल कसाय म्हणाला आन् गेला!"

मॅडम हसल्या. "पण तात्या, कंबरेचं काय?"

तात्यांनी कंबर चाचपली. "रागापाय ध्यानातच ऱ्हायली न्हाय."

*

मग मॅडमनी अंग सैल सोडायला शिकवलं. डोळे मिटायचे, श्वास सावकाश सोडायचा. त्यांचा आवाज इतका मऊ की आबा दुसऱ्या श्वासालाच घोरायला लागले. मॅडम म्हणाल्या, "आता डोळ्यांपुढं पाणी आणा. संथ वाहणारं पाणी. येतंय... हळूहळू येतंय..."

"आगं आयला!" तात्या ताडकन उठून उभे. "सकाळी मोटर चालू करून आलोय! समदं पानी एकाच सरीत!"

आणि पिशवी उचलून दाराकडं चालायलाच लागले. आम्ही आ वासून बघत राहिलो, कारण गुडघ्यावर हात न ठेवता उठलेले तात्या आजवर कुणी बघितले नव्हते. दारात पोचल्यावर त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी घाईघाईनं कंबर धरली आणि म्हणाले, "आई गं!"

शेवंताआक्का एवढ्या हसल्या की त्यांचा धरलेला खांदाही हलला. "तात्या, ऱ्हाऊ द्या आता! बघितलं समद्यांनी!"

*

आबांचा किस्सा मात्र वेगळा. मॅडम दर वेळी विचारायच्या, दुखणं शून्य ते दहामध्ये किती? तात्या दराची घासाघीस केल्यासारखे "धा धरा, न्हाय तर आठावर मिटवू" म्हणायचे. आबा तोंडच उघडायचे नाहीत. एकदा मॅडमनी फारच आग्रह धरला, तेव्हा म्हणाले, "दुकनं म्हंजी काय लिलाव हाय व्हय, चारचौघांत वरडाया?"

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, स्वतःच्या हातावर टाकलं आणि मॅडमना म्हणाले, "घाला हात."

मॅडम पुण्याच्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं. मी सांगितलं, मेंढराबैलांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून समोरच्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव; पाचाच्या वर असला तर आधी पंजा धरायचा, मग उरलेली बोटं. घेणाऱ्याला कळतं, देणाऱ्याला कळतं, तिसऱ्याला नाही.

मॅडमनी हात घातला. आबांनी बोटं धरली. मॅडमचा हसरा चेहरा एकदम गंभीर झाला. एवढं दुखत असताना हा माणूस दर बेस्तरवारी आम्हाला एडक्याचे किस्से सांगत होता! मॅडम हळूच म्हणाल्या, "आबा, आता दर वेळी असंच सांगा."

त्या दिवसापासून आमच्यातही तीच रीत पडली. एस.टी. स्टँडवर भेटलो की आबा उपरणं पुढं करायचे, मी हात घालायचो. सहा. चार. एखाद्या वाईट दिवशी नऊ. आबा मान हलवायचे, बस. पाला नाही, वीट नाही, लाथ नाही! इतक्या वर्षांत माझं दुखणं नुसतं ऐकून घेणारा तो पहिला माणूस. मला त्याचं किती बरं वाटायचं, ते आजही नीट सांगता येत नाही.

*

इकडं लग्न जवळ आलं. मॅडमनी युक्ती दिली. कळ यायची वाट बघू नका, ती यायच्या आधीच उठा, दोन पावलं टाका, पुन्हा बसा. रोज थोडं थोडं वाढवा. मी दुकानातच पाट मांडला आणि डोळे मिटून, श्वास सोडत बसायला लागलो. एकदा डोळे उघडले तर समोर ट्यूब घेऊन आलेला एक शेतकरी चपला काढून, हात जोडून उभा!

"महाराज," तो म्हणाला, "पंक्चर न्हाय, हवाच जाती."

*

लग्न इंदापुरातच होतं. भटजींना मी आधीच सांगून ठेवलं होतं, मध्येच उठलो तर रागावू नका. बेस्तरवारची मंडळी पुढंच बसलेली. मेव्हणाही जवळच, जरीकाठी धोतर नेसून, अगदी तयारीत!

विधी लांबत गेला. मी एकदा उठलो, बसलो. पुन्हा उठलो, बसलो. वैशूचा हात हातात घ्यायची वेळ आली आणि पाठीनं डोकं वर काढलं. कपाळाला घाम आला. मेव्हण्यानं धोतर सावरलं. तेवढ्यात आबा उठले, सरळ पाटापाशी आले आणि माझ्या मोकळ्या हातावर उपरणं टाकलं.

मी बोटं धरली. सात.

आबा कानाशी म्हणाले, "सातात बसलाय की तुमी दुकानात. सोडा श्वास."

मी श्वास सोडला. पण मंडपात कुजबुज सुरू झाली. व्याही भिगवणकडचे, बैलांचे शौकीन. उपरण्याखाली हात म्हणजे काय, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते ताडकन उठले. "थांबा भटजी! कसला सौदा चाललाय ह्यो? आमी हुंड्याचा एक पैसा तरी मागितलाय का? भर मांडवात आमची अब्रू घालवताय व्हय?"

भटजींचा मंत्र अर्ध्यावरच थांबला. वैशू माझ्याकडं बघायला लागली. आबा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, भाव न्हाय. ह्यांची पाठ दुखती, ती किती दुखती ते इचारतुय."

मग शेवंताआक्काच आधी हसल्या आणि पाठोपाठ सगळा मांडव हसला. व्याही मात्र हसले नाहीत. आबांच्या उपरण्याकडं बघत खाली बसले.

भटजींनी मंत्र पुढं चालू केला. बायकोनं पाण्याची धार सोडली, वैशूचा हात माझ्या हातातून जावयाच्या हातात गेला, आणि मी शेवटपर्यंत पाटावर होतो. पाठ दुखत होतीच. डोळे पाठीमुळं भरले नव्हते, एवढं मात्र खरं. मेव्हण्यानं जरीकाठी धोतर वर खोचलं आणि पंगतीत जिलबी वाढली.

जेवणं उरकली. पाहुणे पांगले. आबा मांडवाच्या खांबाला टेकून पान जमवत होते. व्याही त्यांच्याजवळ आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग आबांच्या उपरण्याखाली हात सारला आणि बोटं धरली.

आबांचा पान जमवणारा हात थांबला. त्यांनी व्याह्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि हळूच म्हणाले,

"पाव्हणं, बेस्तरवारी बारामतीला या."