शेजारच्या खुर्चीतला भोंगा

बस स्टँडवर एकवीस वर्षं माईकसमोर बसून गाड्या पुकारणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? तिचं नाव भोंगा पडलं, आणि ते इतकं चिकटलं की निरोप समारंभात साहेबांनी भाषणाची सुरुवातच ‘आपल्या सर्वांच्या लाडक्या भोंगाताई’ अशी केली आणि मग खरं नाव आठवेना म्हणून खिशातला कागद चाचपत राहिले. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. खरं तर तिला माईकचीसुद्धा गरज नव्हती. तो आपला नियम म्हणून समोर असे. लग्न झालं तेव्हा आपल्याला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू येत होतं, असं तिचा नवरा पाहुण्यांना अजून सांगतो. आता त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि जेवायला तो डावा कान बायकोच्या बाजूला राहील अशा बेताने बसतो.

आवाजाच्या जोडीने तिला मिळालेली दुसरी देणगी म्हणजे कुतूहल. समोरच्या खिडकीतला हिरवा पडदा जाऊन निळा का आला, हे कळेपर्यंत तिला घास गोड लागत नाही. नवरा म्हणतो, “अगं, लोकांच्या पडद्याशी तुला काय करायचंय?” ती म्हणते, “करायचं काहीच नाही, फक्त कळायला हवं.”

अशी बाई मनाचे आजार आणि माणसांचे हक्क यांचं काम करणाऱ्या संस्थेची अध्यक्ष कशी झाली, याचं उत्तर चार नंबरच्या फलाटासमोरच्या बाकावर आहे.

त्या बाकावर एकदा एक बाई येऊन बसली. मांडीवर पिशवी, केस नीट विंचरलेले, नजर समोर. गाड्या आल्या, गाड्या गेल्या, ती उठली नाही. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच. भोंगाच्या पोटात कुतूहल मावेना. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन बाकावर जाऊन टेकली आणि तासाभरात तिने सगळं काढून घेतलं. बाई शाळेत गणित शिकवायची, चार महिने मनोरुग्णालयात होती. भाऊ घरी न्यायला म्हणून आला, स्टँडवर आणून बसवलं, ‘तिकीट काढून येतो’ म्हणाला, तो गेला तो गेलाच.

भोंगाचं रक्त उकळलं. ती तडक केबिनमध्ये गेली आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशी घोषणा केली, “चार नंबरच्या बाकावर आपली सख्खी बहीण सोडून गेलेल्या भावाने तिला ताबडतोब घेऊन जावं. बहीण शहाणी आहे. भावाची खात्री नाही.”

हीच घोषणा तिने दिवसभरात आठ वेळा केली. साहेबांनी मेमो दिला. पण भावाला कुणीतरी बातमी पोचवली आणि तो खाली मान घालून आला. भोंगा घरी गेली ती हवेत तरंगत.

महिन्याभराने तीच बाई पुन्हा स्टँडवर आली, सरळ केबिनमध्ये शिरली. आता ही आपले पाय धरणार आणि आपण ‘अहो, काय हे’ म्हणत तिला उठवणार, अशी तयारी भोंगाने मनात करून ठेवली.

“तुम्ही मला हरवलेल्या ट्रंकेसारखं पुकारलंत,” बाई म्हणाली. “आठ वेळा. मला भावाकडे जायचं होतं का, हे एकदा तरी विचारलंत?”

एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवशी दोन गाड्या न पुकारता सुटल्या.

ही बाई म्हणजेच संस्थेच्या सचिव, मास्तरीणबाई. भावाकडून त्या स्वतःच्या पायांनी बाहेर पडल्या, खोली घेतली, शिकवण्या धरल्या. पुढे दोघींनी मिळून सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ही संस्था काढली, तिला आता नऊ वर्षं झाली. तिथे अकरा खुर्च्या आहेत आणि एकीचं दुसरीशी पटत नाही. खालून पंक्चर काढल्याची फुसफुस वर येते. आजारातून उठलेल्या माणसांना घरमालक खोली देत नाही, शाळा परत घेत नाही, घरातले मत विचारत नाहीत. अशी माणसं जिना चढून तिथे येतात. तपासायला डॉक्टर दर गुरुवारी येतात. बाकीचे दिवस भांडणाचे.

आणि भांडायची रीत मास्तरीणबाईंनी घालून दिलेली. माणूस आपल्या कामासाठी जिथे जाईल, तिथे संस्थेचं एक जण त्याच्या सोबत जातं आणि शेजारच्या खुर्चीत बसतं. बोलायचं नाही. ज्याचं काम त्यानेच बोलायचं. त्याने ‘तुम्ही सांगा’ म्हटलं तरच तोंड उघडायचं. तो अडखळला, चुकला, अर्धा तास गप्प बसला, तरी शेजारच्या खुर्चीने खुर्चीसारखंच राहायचं.

हा नियम झाल्यापासून भोंगाला शेजारच्या खुर्चीत कुणी बसवलं नव्हतं. ती अध्यक्ष होती, पत्रांवर सह्या करायची, नगरपालिकेत जाऊन आरडाओरडा करायची. तो तिचा प्रांत.

म्हणूनच काचवाला जेव्हा म्हणाला, “माझ्याबरोबर ताईंनाच पाठवा,” तेव्हा खालच्या दुकानातली फुसफुससुद्धा थांबल्यासारखी वाटली.

काचवाला चाळिशीचा. खिडक्या, कपाटं, आरसे यांची काच कापणाऱ्या कारखान्यात सतरा वर्षं कापायच्या टेबलावर होता. आजारी पडला, दोन महिने रुग्णालयात राहिला, बरा होऊन परत गेला, तर मॅनेजरने त्याच्या हातात झाडू दिला. काच आणि ती कापायचा हिरा म्हणजे धारेचं काम, ते ‘अशा’ माणसाच्या हाती कसं द्यायचं? सहा महिने तो माणूस स्वतः कापायचा त्या काचेचा चुरा झाडत होता. येत्या सोमवारी मॅनेजरने भेटायची वेळ दिली होती. तिथे मॅनेजर नाही म्हणाला, तर झाडू कायमचा.

“मीच का?” भोंगाने विचारलं.

काचवाला विचार करू लागला. औषधांमुळे त्याचे शब्द सावकाश येत. एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला त्याला इतका वेळ लागे, की तेवढ्यात भोंगाची तीन वाक्यं होत.

“असंच,” तो म्हणाला.

या ‘असंच’ने तिचा जीव खाल्ला. नवऱ्याला तिने रात्रीच्या जेवणात चार वेळा विचारलं, “मीच का?” नवऱ्याने चारही वेळा डाव्या कानाने ऐकलं.

भेटीआधी संस्थेत तालीम घ्यायची पद्धत आहे. कुणीतरी मॅनेजर व्हायचं, माणसाने आपलं म्हणणं मांडून बघायचं. मॅनेजर व्हायला अर्थात भोंगा पुढे. तिने नवऱ्याचा कोट आणला, टेबलावर पाय तेवढे टाकायचे बाकी ठेवले.

“काय हो, काय काम आहे? लवकर बोला!”

“साहेब, मला टेबल...” काचवाला सुरू झाला.

“टेबल म्हणजे काय आंदण दिलंय का तुम्हाला? उद्या कुणाचं बोट तुटलं तर?”

“सकाळी माझा...”

“सकाळी काय आणि संध्याकाळी काय! नियम म्हणजे नियम!”

असं तीन दिवस चाललं. कोट इतका अंगात भिनला की घरी गेल्यावर तिने नवऱ्याचीही रजा नामंजूर केली. मास्तरीणबाई कोपऱ्यात बसून संस्थेचं पत्र लिहीत होत्या: कामगारास त्याच्या मूळ जागेवर, मूळ वेळेत, पूर्ववत रुजू करून घ्यावे. सुरेख पत्र. भोंगाने दोनदा सही केली, एक ओळीवर आणि एक उत्साहात खाली.

सोमवारी दहा वाजता दोघं मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसली. निघताना मास्तरीणबाईंनी भोंगाचा हात दाबला होता. “ताई, एक शब्द नाही.”

“मी काय लहान आहे?”

“लहान असतात तर काळजी नव्हती.”

केबिनच्या तीन भिंती काचेच्या. मॅनेजर बुटका, घाईचा माणूस. त्याच्या टेबलावर तीन चष्मे होते. तीन का, हा प्रश्न भोंगाच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला. तिने तो गिळला. पहिलाच घोट, आणि अख्खी भेट पुढे होती.

“बोला,” मॅनेजर म्हणाला.

काचवाल्याने तोंड उघडलं, मिटलं. हात मांडीवर ठेवले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एक चक्कर मारून आला, दुसऱ्या चक्करवर निघाला. भोंगाने खुर्चीचे हात आवळून धरले. तिच्या पोटात अख्खं भाषण उभं होतं, मुद्द्यांसकट, टाळ्यांच्या जागांसकट. कानशिलं तापली. नाकातून बारीक शिट्टी येऊ लागली, प्रेशर कुकरला येते तशी.

आणि मग, ती शांतता सहन न होऊन, मॅनेजरच बोलू लागला.

“आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरांचं पत्र दिलंय. दिलंय, मान्य आहे. पण बाकीची माणसं घाबरतात ना! कोण घाबरतं, असं तुम्ही विचाराल. तसं... लेखी कुणी दिलेलं नाही. तोंडीही... म्हणजे मलाच आपलं वाटलं. आता सतरा वर्षांत यांच्या हातून एक अपघात नाही, असंही तुम्ही म्हणाल...”

भोंगा थक्क. तिच्या भाषणातले तीन मुद्दे या गृहस्थाने फुकट मांडून दिले होते, आणि वर घामही स्वतःचाच पुसत होता. गप्प बसण्यात असलं काही असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं!

“साहेब,” काचवाला अखेर म्हणाला, “मला टेबल हवंय. पण सकाळी नको.”

सकाळी नको? भोंगाची मान खाडकन वळली. पत्रात तर मूळ वेळ लिहिली होती! दोन सह्यांनी!

“सकाळी आठला गोळी असते. मग हात थरथरतात. साडेअकरानंतर नाही थरथरत.” प्रत्येक वाक्यामागे तो थांबत होता. “सकाळी मी गिऱ्हाइकाकडे जाऊन मापं घेईन. दुपारी कापीन.”

सहा महिने हा माणूस आपल्या जिन्यावरून चढतो-उतरतो आहे. त्याच्या आत्याच्या सासरचं गावही भोंगाला ठाऊक. पण त्याला नेमकं काय हवंय, हे ना तिने विचारलं, ना मास्तरीणबाईंनी. ‘तुम्हाला कसं वाटतं?’ हे मात्र संस्थेत रोज सगळे सगळ्यांना विचारत. भोंगाने जीभ चावली. बाकावरच्या बाईच्या बाबतीत केलं तेच. फक्त या वेळी लेटरहेडवर.

मॅनेजरने डोळे बारीक केले. “मग आत्ताच कापून दाखवा. चला टेबलावर.”

हो म्हण, भोंगा मनात ओरडली, अरे हो म्हण, तो संधी देतोय!

काचवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं. “आत्ता नाही, साहेब. साडेअकराला.”

“मला कामं आहेत.”

“करा ना. आम्ही बसतो.”

आणि ती दोघं बसली. सत्तर मिनिटं. मॅनेजर फोनवर बोलला, चष्मे बदलत राहिला (एक वाचायचा, एक लांबचा, एक रागवायचा, असं तिने अनुमान बांधलं), दोनदा बाहेर जाऊन आला. भोंगाने काचेच्या भिंतीतून कारखाना पाहून घेतला. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं कुणावर मन आहे, कुणाचा बूट चावतो, सगळं. एकदा तिने काचवाल्याच्या हातांकडे पाहिलं. बोटं बारीक हलत होती. तो त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू ती पोरं आहेत, दमून आपोआप झोपतील, मध्ये ओरडायचं नाही. सव्वाअकराला ती हलेनाशी झाली.

साडेअकराला सगळे टेबलाशी गेले. बाकीचे कामगार आपापलं काम करत असल्याचं नाटक करत जवळ सरकले. काचवाल्याने मोठी काच आडवी केली, पट्टी लावली, हिरा उचलला. एक लांब, बारीक, कापड फाटल्यासारखा आवाज झाला. मग त्याने काच टेबलाच्या कडेवर आणली, दोन्ही हातांनी जरा दाबली. टक्. दोन तुकडे, सुतासारखे सरळ.

मॅनेजरने खात्री करून घ्यायला कडेवरून अंगठा फिरवला आणि “आई गं!” म्हणून ओरडला. त्या दिवशी कारखान्यात रक्त सांडलं ते एवढंच.

“कडेला बोट लावायचं नसतं, साहेब,” काचवाला म्हणाला आणि भिंतीवरच्या पेटीतून कापूस काढून त्याने अंगठा बांधून दिला. स्थिर हाताने, दोन वेढे, गाठ.

मॅनेजर अंगठ्याकडे बघत राहिला. “दुपारची पाळी. उद्यापासून,” तो म्हणाला. “सकाळी मापं. महिनाभर बघू.”

काचवाला विचारात पडला. सगळे थांबले. “बरं,” तो म्हणाला. “मीही महिनाभर बघतो.”

फाटकाबाहेर पाय पडला आणि भोंगाचा बांध फुटला. “अहो भाऊ! सकाळचं आधी का नाही सांगितलंत? तीन दिवस तालीम केली आपण!”

“सांगत होतो. तुम्ही मॅनेजर होतात.”

भोंगाने पदराने कपाळ टिपलं आणि पावलं उचलली. मग तिने खास ठेवणीतला प्रश्न काढला. “आणि मलाच का आणलंत? मास्तरीणबाई किती छान गप्प बसतात.”

काचवाल्याला चालता चालता बोलता येत नसे. बोलायचं तर तो उभा राहायचा. तो उभा राहिला. “बाई गप्प बसल्या तर कुणाला कळत नाही,” तो म्हणाला. “तुम्ही गप्प बसलात की... खोलीत ते गप्प बसणं फार मोठं वाटतं. साहेब घाबरतील असं वाटलं.”

भोंगा इतकी हसली की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. हसू ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून साठलेल्या प्रश्नांपैकी एकच खरा खुपतो आहे. “ती काच. नुसती रेघ तर मारलीत. मग ती तेवढ्यावरच बरोबर कशी फुटते हो?”

“रेघ एकदाच मारायची,” तो म्हणाला आणि थांबला. उन्हात, भिंतीच्या कडेला. ‘पुढे काय?’ हे तिच्या तोंडात आलं होतं. ती काहीबाही सुचवूही शकली असती. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि उभी राहिली.

“दुसऱ्यांदा तिथेच गेलं...” तो म्हणाला, आणि पुन्हा थांबला. भोंगाही थांबली. “...की काच भलतीकडेच फुटते.”