मी बोटीवर होतो

आमच्याकडे चार मराठी माणसं जेवायला जमली की कोणीतरी ही गोष्ट काढतंच. मुलगी पंधरा वर्षांची असताना मरता मरता वाचली. आई रोज समोर असून तिच्या काही लक्षात आलं नाही, आणि बाप बोटीवरून उतरला त्याच आठवड्यात मुलीला उचलून हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. "शेवटी बापाची नजर हो!" मागच्या गणपतीत एका बाईंनी माझ्या बायकोच्या हातचे मोदक खाता खाता तिलाच हसत विचारलं, "तुम्ही काय सीरियल बघत होतात की काय?" बायको तुपाची वाटी आणायला आत गेली. मी मान खाली घालून मोदक फोडला.

ती गोष्ट खोटी आहे. तिला हॉस्पिटलमध्ये नेलं त्याच संध्याकाळी मी तिला मारलं होतं. आणि आईला सगळं दिसलं होतं, कितीतरी महिने आधी. यापुढे ज्यांना ही गोष्ट सांगायची असेल त्यांनी अशी सांगावी.

मी जहाजावर चीफ इंजिनिअर होतो. कंपनीचं ऑफिस सिंगापुरात, म्हणून घरही इथेच केलं, बुकित पंजांगला, अकराव्या मजल्यावर. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर जायचे. इंजिन रूममध्ये आवाज इतका असतो की शब्द पोचत नाही. माणसाला खांद्याला धरून वळवावं लागतं, कधी ढकलावं लागतं. मी ढकलण्यावर थांबत नसे. एका ऑइलरने, मशीनला तेलपाणी करणाऱ्या खलाशाने, व्हॉल्व्ह उघडा ठेवला म्हणून मी हातातला पाना त्याच्यावर भिरकावला होता. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. तो शिडीवरून घसरला, असं मी कॅप्टनला सांगितलं आणि त्यानेही तेच सांगितलं, कारण त्याला पुढचं कॉन्ट्रॅक्ट हवं होतं. सुट्टीवर आलो की तोच हात माझ्याबरोबर घरी यायचा. बायकोवर उठायचा. मुलीवरही उठायचा, पण कमी.

त्या वर्षी मुलीची डावी पापणी संध्याकाळी खाली यायला लागली. शाळेत ती नेटबॉल खेळायची, तर चेंडू हातातून सुटायला लागला. रात्रीच्या जेवणापर्यंत तिचा आवाज नाकातून यायचा. सकाळी उठली की सगळं जागच्या जागी. बायको तिला सकाळी सरकारी पॉलिक्लिनिकमध्ये घेऊन गेली तेव्हा तिथल्या डॉक्टरला काहीच दिसलं नाही. मग बायकोने मुलीचे सकाळचे आणि संध्याकाळचे फोटो काढले, एकटीने जाऊन ते शेजारी शेजारी ठेवून त्याच डॉक्टरला दाखवले आणि हट्टाने मोठ्या डॉक्टरची तारीख मिळवली. मुलगी घाबरेल म्हणून तिला यातलं काही सांगितलं नाही. हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं. मी तेव्हा ब्राझीलच्या एका बंदरात होतो.

"अहो, संध्याकाळी डोळाच उघडत नाही तिचा. जेवताना हनुवटीला हात लावून बसते, नाहीतर तोंड उघडं पडतं."

"आणि सकाळी?"

"सकाळी ठीक असते."

"मग रोग काय सकाळी सुट्टीवर जातो? परीक्षा आली की नाटकं सुरू. तू लाडावून ठेवलीस तिला."

"डॉक्टरची तारीख घेतलीये मी."

"रद्द कर."

"अहो, पण एकदा दाखवायला..."

"मी येऊन बघू का तुझ्याकडेही?"

या शेवटच्या वाक्याचा अर्थ तिला नीट माहीत होता. तिने तारीख रद्द केली.

बोट सोडून मी घरी आलो ते मुलीला सरळ करायचं ठरवूनच. पहिले काही दिवस तिला पहाटे उठवून खालच्या मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. सकाळी ती धावायची, म्हणजे माझंच खरं. संध्याकाळी ती जिने चढताना बसली की मी दंडाला धरून उठवायचो. दंडावर माझी बोटं उमटलेली असायची.

मग ती जेवणाची वेळ आली. बायकोने तिच्यासाठी वेगळा मऊ भात केला होता. मी तो बाजूला सारला आणि पोळी-भाजी वाढली. मुलगी हळूहळू चावत होती. चार घासांनंतर तिचा हात हनुवटीखाली गेला.

"हात काढ."

तिने काढला. जबडा खाली लोंबला. आतला घास दिसत होता.

"तोंड मिट."

"बाबा, आय कान्ट." शब्द नाकातून आले.

"मराठीत बोल. आणि मिट म्हटलं ना!"

तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मग, बाप चिडलाय, त्याला शांत करावं म्हणून, ती हसली. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला दिसलं ते असं : ओठांचे कोपरे जागचे हलले नाहीत, फक्त वरचा ओठ उचलला गेला आणि दात उघडे पडले. कुत्रं गुरगुरताना दिसतं तसं.

"माझ्यावर दात विचकतेस?"

मी मारली ती चापट नव्हती. मशीनचं अडकलेलं झाकण उडवायला मारतात तसा तो फटका होता. खुर्चीसकट ती आडवी झाली, कपाटाच्या कडेवर आपटली, ओठ फाटला. मी तिला दंडाला धरून वर ओढलं आणि दुसरा ठेवून दिला. बायको मध्ये आली. तिला मी ढकललं तशी ती फ्रिजच्या हँडलवर जाऊन आदळली. मुलीच्या तोंडात घास तसाच होता. तो तिला गिळता येईना, थुंकता येईना. नाकातून पाणी आणि रक्त यायला लागलं. तिने दोन्ही हातांनी माझा शर्ट धरला, पण बोटांत जोर नव्हता, ती घसरत गेली. चेहरा राखेसारखा झाला. छाती हलत नव्हती.

तेव्हाही मी ओरडलो, "नाटकं बंद कर!"

बायकोने तिच्या तोंडात बोटं घालून घास काढला. ॲम्ब्युलन्सला फोन तिने केला. मी मुलीला उचलून लिफ्टकडे धावलो, एवढंच त्या गोष्टीतलं खरं आहे.

हॉस्पिटलमध्ये तिच्या घशात नळी घातली आणि मशीन तिच्यासाठी श्वास घ्यायला लागलं. ओठाला काय झालं, असं नर्सने विचारलं. "बाथरूममध्ये पडली," बायको म्हणाली. मी तिला असं सांगायला सांगितलं नव्हतं.

काही तपासण्या झाल्यावर मोठा डॉक्टर आला. मायस्थेनिया ग्रेव्हिस, तो म्हणाला. नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते आणि नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. काम केलं की स्नायू मान टाकतात, विश्रांती मिळाली की थोडे परत येतात, म्हणून सकाळी माणूस ठीक दिसतो. पापणी, जबडा, गिळणं, शेवटी श्वास. आणि हसायला गेलं तर चेहरा गुरगुरल्यासारखा दिसतो, हेही त्याने सांगितलं, इतर लक्षणांच्या ओघात, सहज. माझा उजवा हात मी पाठीमागे धरला होता. तो ठणकत होता.

मग त्याने विचारलं, "इतके महिने हे चाललंय. तुम्ही आणलं का नाही तिला?"

बायको माझ्याकडे वळली. तिच्या कपाळावर फ्रिजच्या हँडलचं टेंगूळ आलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "मी बोटीवर होतो."

डॉक्टरची नजर माझ्यावरून निघाली आणि तिच्यावर गेली. "आणि तुम्ही?"

"मला वाटलं परीक्षेचा ताण असेल," ती म्हणाली. माझेच शब्द होते ते, जरा सभ्य करून घेतलेले.

मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये पलंगावर होती. पापण्या मिटलेल्या, हातपाय निपचित. ती बेशुद्ध आहे असंच मी धरून चाललो होतो. पण तिला फक्त डोळे उघडता येत नव्हते. कान शाबूत होते. तिने सगळं ऐकलं.

पुढे तिची छाती करवतीने उघडून आतली एक ग्रंथी काढली. स्टिरॉइडने चेहरा इतका सुजला की शाळेतल्या मुलींनी तिला 'पाव' म्हणायला सुरुवात केली. दर काही तासांनी गोळी. गोळी चुकली की घास अडकायचा. बायको हे सगळं करायला तयार असायची, पण मुलगी तिला गोळ्यांच्या डबीला हात लावू द्यायची नाही. "आई, तू राहू दे. तुला नाही कळत." घड्याळ लावून माझ्याकडून गोळी घ्यायची. मी पुढचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं नाही, किनाऱ्यावर नोकरी धरली, तर लोकांनी त्याचंही कौतुक केलं.

ती शिकली, वन-नॉर्थ भागात नोकरीला लागली. एकदा दोघं एमआरटीने येत होतो. ती एकदम म्हणाली, "बाबा, तुम्ही मारलंत ते मी कधीच सोडून दिलं. तुम्हाला कुठे माहीत होतं? आईने एकदा डॉक्टरला दाखवलं आणि सोडून दिलं. तुम्हाला सांगायला नको का?" मी दारावरचा स्टेशनांचा नकाशा वाचत होतो. "हं," म्हणालो.

या वर्षी, तिच्या चाळिशीत, तापाचं निमित्त झालं आणि दुखणं उलटलं. बोलता बोलता तिची वाक्यं पुन्हा नाकात जायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, उद्याच भरती व्हा, रक्तातला दोष मशीनने गाळून काढायला लागेल. सोबत एकाला राहता येईल. त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो.

"मी येते," बायको म्हणाली. "पेज करून आणेन. तुला चालते ती."

"नको. बाबा येतील." मुलीचा हात हनुवटीखाली होता. "तू असलीस की मला टेन्शन येतं, आई. परत काही मिस केलंस तर?"

"बरं," बायको म्हणाली, आणि आमटीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

बायको आता सत्तरीला आली आहे. मोदक खाणाऱ्या बाईंचं तिने ऐकून घेतलं, ते मलाही चाललं होतं. पण तिने बॅगेत घालायला काढून ठेवलेली पेजेची किटली तिथेच ओट्यावर दिसत होती, आणि ती तिने उठून परत फडताळात ठेवली.

मी म्हणालो, "तुझ्या आईने डॉक्टरची तारीख घेतली होती. मी रद्द करायला लावली."

"कुठली तारीख?"

"तू पंधरा वर्षांची असताना. तिने मला फोनवर सगळं सांगितलं होतं. डोळा, हनुवटी, सगळं. मी म्हणालो नाटकं आहेत."

"तुम्ही तर म्हणालात की..." तिला दम घ्यावा लागला. "मी ऐकलंय. तुम्ही बोटीवर होतात."

"होतोच. म्हणून तर तेवढंच म्हणालो."

"आई?"

"तू आधी जेव," बायको म्हणाली.

मुलीने फेकलेली वाटी माझ्या छातीवर येऊन आपटली. आमटी गरम होती. मग काचेचा ग्लास भिंतीवर फुटला. मग ती स्वतः आली. पहिला गुद्दा खांद्यावर बसला, चांगला बसला. दुसरा नुसता टेकला. तिसऱ्यासाठी तिने हात उगारला तो अर्ध्यावरूनच खाली पडला. मी गाल पुढे केला होता. तिने डाव्या हाताने उजवा हात मनगटाला धरून वर उचलायचा प्रयत्न केला, तोही पडला. तिच्या तोंडून नुसता आवाज येत होता. तोच वर उचललेला ओठ, तेच दात. या वेळी ती हसत नव्हती.

बायकोने तिला मागून कवेत धरून खाली बसवलं आणि माझ्याकडे वळली.

"आज सांगितलंत? तिला श्वास जड जातोय आणि आज? मोकळं व्हायचं होतं ना तुम्हाला?"

"मग इतकी वर्षं तू का नाही बोललीस?" हे मी विचारायला नको होतं.

"तुमच्या तोंडाकडे बघत होते मी, हिच्या पलंगापाशी. तुम्ही बोलाल म्हणून. बोललात की तुम्ही! त्यावर मी काही बोलले असते तर घरी आल्यावर काय झालं असतं?"

"त्यानंतर मी कधी हात उचलला नाही."

"मग काय आरती ओवाळू?"

छातीवरची आमटी चटके देत होती.

"बाहेर जाऊन उभे राहा," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती मला काहीतरी करायला सांगत होती आणि मी ते केलं.

मी कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो. समोरच्या ब्लॉकच्या आडून एलआरटी गाडीचा डबा गेला. आतून बराच वेळ एकटी बायकोच बोलत होती. मग ती फोनवर इंग्रजीत पत्ता सांगताना ऐकू आली. उद्यापर्यंत थांबायला ती तयार नव्हती.

दार उघडलं. बायकोच्या खांद्याला बॅग होती, एका हातात पेजेची किटली, दुसऱ्या हातात गोळ्यांची डबी. मुलीने तिच्या खांद्यावर भार टाकला होता. मी लिफ्टचं बटण दाबायला पुढे झालो.

"नको," मुलगी म्हणाली. बटण बायकोने कोपराने दाबलं.

मी आत येऊन काचा वेचल्या, फरशी पुसली. भिंतीवरचा आमटीचा डाग अजून गेलेला नाही.

आज दुपारी बायकोचा फोन आला. "श्वास बरा आहे. रक्त गाळायचं मशीन लावलंय. सकाळी पेज घेतली, मी भरवली."

"गोळ्या?"

"मी देते ना."

"मी येऊ का?"

तिने फोन बाजूला धरून विचारलं. पलीकडून नाकातला एक शब्द आला. तो मला ऐकू आला, तरी मी थांबलो.

"नको म्हणतेय."

"आणि तू?"

"मीही नकोच म्हणतेय," बायको म्हणाली, आणि फोन ठेवला.