शिंगवाली रामबाई

रामबाईच्या गळ्यात सोनं मी वर्षातून एकाच दिवशी पाहायची, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आणि ते सोनं आमचं असायचं.

परवा माझी नात फोनवरच्या कुण्या लबाडाला भुलली आणि दोन दिवस तोंड लपवून बसली. जेवेना, बोलेना. मी म्हटलं, थांब बाई, तुला रामबाईची गोष्ट लिहून देते. माझ्या दोनच यत्ता झाल्या आहेत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तूच पाहून घे. बाकी सगळं मला नीट आठवतं.

आम्ही अल्लीपूरचे. रामबाई आमच्या शेजारची, भिंतीला भिंत लागून. उंच, काळीसावळी, आवाज असा की तिनं अंगणात कोंबडी हाकलली तर आमच्या अंगणातली पळायची. मूलबाळ नव्हतं. नवरा पुंडलिकराव, सरळ माणूस, पण बोलायचा मोजकं आणि रागवायचा भरपूर. रामबाईच्या डाव्या अंगठ्याचं टोक लहानपणीच विळ्यानं गेलेलं. तरी ती चरख्यावर सूत कातायची, आणि गावात सगळ्यांत जास्त कातायची. त्या अंगठ्यापायी तिच्या सुताला हातभर गेलं की एक जाडसर फुगा यायचाच. आम्ही हसलो की म्हणायची, "माह्या सुताले बी माह्यावाणी मधात थांबून दम घ्या लागते."

दरवर्षी पवनारच्या मेळ्यात आमच्या गावच्या बाया सुताची गुंडी वाहायला जायच्या. गुंडी म्हणजे सुताची गुंडाळून बांधलेली लड. त्या दिवसांत आमच्या भागात खादीचा वट मोठा. अंगावर खादी, खांद्यावर झोळी आणि झोळीतून सूत कातायची टकळी डोकावते आहे, एवढं दिसलं की नाव विचारायच्या आधी पाट मांडला जायचा. असा माणूस खोटं बोलेल, हे मनातच येत नव्हतं. तसे खरे लोक आम्ही पाहिलेले होते, म्हणून तर खोट्याला जागा मिळाली.

चौपन्न सालच्या फाल्गुनात असाच एक जण आला. नाव सांगितलं भैयाजी. बेचाळीसच्या जेलात कातायला शिकलो म्हणाला. गोरा, शांत, चहा दिला तर "नको माय, पाणी द्या" म्हणणारा. वर्ध्याला मुलींचं वसतिगृह निघणार, तिथं नर्सबाईचं शिक्षण, राहणं-खाणं फुकट, असं त्यानं आईला सांगितलं. गावातून चारच मुली घ्यायच्या आहेत. मुलगी अर्ध्यातून पळून जाऊ नये म्हणून घरचा एक दागिना अनामत ठेवायचा, दोन वर्षांनी तसाच परत. आमच्या घरी दागिना एकच, आईच्या गळ्यातली सोन्याच्या मण्यांची एकदाणी.

आता माझी आई, मीराबाई, काही लोभी बाई नव्हती. उसनी वाटी साखर परत करताना वर चमचाभर टाकणारी. पण माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली होती, हिंगणघाटला नेता नेता, बैलगाडीतच. जवळपास नर्सबाई असती तर वाचली असती, असं आई चार वर्षांपासून चुलीपुढं बसून म्हणायची. भैयाजीनं पहिल्या दिवशी फक्त पाणी पिऊन तेवढं ऐकून घेतलं. नर्सबाईचं बोलणं दुसऱ्या दिवशी काढलं. हे मला आज दिसतं. तेव्हा आईला वाटलं, देवानंच कुणाच्या तरी कानात आपलं सांगितलं.

आणि मी? मला धाकट्या भावंडांपायी शाळेतून काढलं होतं. पांढरं लुगडं नेसून मी दवाखान्यात चालते आहे, असं मला शेण थापतानाही दिसायचं.

भैयाजी घाईचा नव्हता. "दागिना पुढल्या रविवारी द्या. पावती आजच ठेवा. घरात कोणी शिकलेलं असेल तर वाचून घ्या. फक्त माणसांत बोलू नका, यादी लागायची आहे. मोठ्या घरचे लोक वशिला लावून तुमची जागा खातील." जाता जाता झोळीतून एक गुंडी काढून आईच्या हातात दिली. "माझ्या हातचं सूत आहे. माझा शब्द म्हणून ठेवा."

आईनं ती गुंडी देवापुढं ठेवली. आणि शिकलेलं कोण, तर मी! पावती घेऊन बसले. एकेक अक्षर जुळवत वाचलं. वर काहीतरी छापलेलं होतं, ते पुसट झालेलं. खाली रकाने. रंग, त्यापुढं शाईनं लिहिलेलं, पिवळा. दात, त्यापुढं रेघ. शिंगे, त्यापुढं रेघ.

आई म्हणाली, "शिंगं? शिंगं काऊन वो?"

मी दोन यत्तांच्या जोरावर सांगितलं, "सरकारी भाषा असते आई. तुले नाई समजत."

आईनं पावती घडी करून देवामागं ठेवली. पोरीला सरकारी भाषा कळते याचाच तिला आनंद झाला. म्हणून सांगते, त्या माणसानं आम्हाला अर्धंच फसवलं. उरलेलं अर्धं काम मी केलं, तेही मोठ्यानं वाचून.

शुक्रवारी दुपारी रामबाई आमच्याकडं आली, पेळू मागायला. कातायला पिंजलेल्या कापसाचे जे वळे करतात ते. तिची नजर देवापुढच्या गुंडीवर गेली. उचलली, दोन बोटांत सूत धरून ओढत नेलं, हातभर. थांबली. परत हातभर. परत थांबली.

"मीराबाई, हे कोणाचं सूत हाय?"

"हाय कोणाचं तरी. ठेव ना खाली, देवाचं हाय."

"देवाचं नाई, हे माहं हाय. हा दम पाय. हा दुसरा दम पाय." तिनं आईचं बोट धरून त्या फुग्यांवर फिरवलं. "कोणं देल्लं तुले?"

भैयाजीनं बोलू नका म्हणून बजावलं होतं, पण आईला खोटं बोलणं जमत नसे. सगळं सांगून टाकलं. रामबाई गुंडी घेऊन खाली बसली. मग तिनंही सांगितलं. भैयाजी तिच्याकडं आमच्या आठ दिवस आधी आला होता. नर्सबाईचं नाही, तिला वेगळंच सांगितलं. वसतिगृहात मुलींना कताई शिकवायला बाई पाहिजे. असा हात वर्ध्यात नाही म्हणाला. वरच्या लोकांना नमुना दाखवायला तिच्या अकरा गुंड्या घेऊन गेला, आणि बाईची जागा आधी पक्की करावी लागते म्हणून तिची माहेरची, गळ्यातली सोन्याची टीकही.

"देल्ली?" आईनं विचारलं.

"देल्ली." रामबाई आपल्या अंगठ्याकडं पाहत होती. "वीस वर्सं झाले मी कातून राह्यली मीराबाई. सुताले सारे हासले. चांगलं हाय म्हणणारा तो एकटाच भेटला. मंग काय करू? देल्ली."

ती घरी जाऊन आपली पावती घेऊन आली. मी वाचली. रंग, पिवळा. दात, रेघ. शिंगे, रेघ. या वेळी मी सरकारी भाषेबद्दल काही बोलले नाही. गुरांच्या बाजाराची पावती होती ती. आमच्या गोठ्यात खुंटीवर तसलीच टांगलेली होती, बैलजोडी घेतली तेव्हाची. मी रोज तिच्या खालून शेण काढायची.

आईनं दार लोटून घेतलं. "रामबाई, माहं आईक. तुही टीक गेली ते गेली. माही एकदाणी वाचली. आता गप्प राहू दोघी. पुंडलिकरावाले मालूम झालं तं घरात ठेवन का तुले? टीक हरपली म्हणून सांग. मोट हाकताना हिरीत पडली म्हण."

रामबाई पावतीवर बोट फिरवत राहिली. ही बाई किती सहज सुटत होती ते आईलाही दिसत होतं आणि तिलाही. पुंडलिकरावांनी विहिरीत चार दिवस शोधलं असतं, रागावले असते, संपलं असतं.

मग ती म्हणाली, "अन् बाकीच्यायचं?"

"बाकीचे कोण? आपल्याले तं चारच जागा सांगतल्या."

"मले एकच सांगतली होती. रविवारी तो कोनाकोनाच्या घरी जाते, तुले मालूम हाय? अकरा गुंड्या हायेत त्याच्यापाशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर अख्ख्या आळीच्या बाया होत्या. रामबाईनं घागर खाली ठेवली आणि त्या कोंबड्या पळवणाऱ्या आवाजात म्हणाली, "बायांनो, मी फसली."

सगळ्या थांबल्या. तिनं काही लपवलं नाही. टीक, गुंड्या, कताईची बाई व्हायची हौस, सगळं. पावतीवर शिंगं आहेत तेही. आधी शोभाबाई हसली, मग सगळ्याच. "रामबाई, टीकेले शिंगं किती होते वो?" "दूध देत होती का?" रामबाई हसणाऱ्या बायांच्या तोंडाकडं एकेक करून पाहत होती. तिला मोजायचं होतं कोण हसत नाही ते.

सात जणी हसत नव्हत्या. यशोदाबाईच्या हातातला दोर सुटला आणि बादली धप्पदिशी खाली गेली. ती रडायलाच लागली, "माह्या घरी बी गुंडी हाय वो. माह्या पोराले रेल्वेत लावतो म्हणे."

कुणाला रेल्वे, कुणाला नर्सबाई, एकीला तर सासूचा दमा बरा करणारा वैद्य. ज्याच्या घरात जे दुखणं, त्याच्या घरी तेच औषध. आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच निवडलेली.

रविवारी भैयाजी आला तेव्हा रामबाईच्या ओट्यावर पंधरा बाया चरखे, टकळ्या घेऊन बसल्या होत्या. काही माणसंही पारावरून उठून आली. तो जरासा चपापला, पण हात जोडून म्हणाला, "वा माय, गाव जागं झालं."

"झालं भाऊ," रामबाई म्हणाली. "तुमी बसा. अन् थोडं कातून दाखवा. आमचे हात गावठी, तुमच्यापासून शिकू."

तिनं पेळू त्याच्या हातात दिला. त्याला टकळी झोळीतून काढावीच लागली. फिरवली, सूत तुटलं. परत फिरवली, परत तुटलं. तिसऱ्यांदा टकळीच हातातून निसटून माझ्या पायाशी आली.

"आज हात दुखून राह्यला," तो म्हणाला. पहिल्यांदाच आमच्या बोलीत बोलला.

"जेलात बी दुखतच असन," शोभाबाई म्हणाली.

मग तो पळाला. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या वावरातून पळाला, आणि खादीचं लांब धोतर पऱ्हाटीच्या खुंटांत अडकत गेलं. माणसं मागं धावली, पण अर्धी हसूनच बसली. तो नदीकडं निसटला. झोळी मागं राहिली. तीत तीन गुंड्या आणि गुरांच्या पावत्यांचं अख्खं पुस्तक. टीक नव्हती.

रामबाईनं झोळी उलटी करून झटकली. परत झटकली. मग गुंड्या उचलून पदरात घेतल्या.

पुंडलिकराव सगळं ऐकून घरी आले. आम्ही भिंतीला कान लावून. आईनं तर रामबाईला झोपायला आमच्याकडं अंथरूणही काढून ठेवलं होतं. मग त्यांचा आवाज, "सूत चांगलं हाय, असं मी कधी म्हटलं नाई का तुले?"

"नाई."

"हं." मग तांब्या खाली ठेवल्याचा आवाज. "चांगलं हाय."

एवढंच. महिनाभर ते तिच्याशी नीट बोलले नाहीत ते वेगळं, पण अंथरूण आम्हाला परत गुंडाळावं लागलं.

गावानं मात्र सोडलं नाही. तिचं नाव पडलं शिंगवाली रामबाई. लग्नाच्या पंगतीत, बाजारात, सगळीकडं. ती ओ द्यायची. पुढं दागिने उजळून देणारे आले, भांडी दुप्पट करून देणारे आले, बायका म्हणायच्या, जरा शिंगवालीला विचारून घेऊ. ती विचारायची, "पावतीवर शिंगं हायेत का?" आणि हसत हसत त्याच्याकडं इतका वेळ पाहायची की तो पुढच्या गावाला निघून जायचा. कुण्या बाईला सांगायची लाज वाटली तर ती आधी रामबाईपाशी सांगायची. रामबाईपाशी लाज वाटत नसे. ती आपली आधीच सांगून मोकळी झालेली होती.

मी नर्सबाई झाले नाही. पण आईच्या एकदाणीतले चार मणी मोडून माझी मुलगी वर्ध्याला दोन वर्षं शिकली, खरोखरच्या वसतिगृहात. पांढऱ्या लुगड्यात ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा सगळ्यांत आधी रामबाईच्या पाया पडली. रामबाई म्हणाली, "माह्या काऊन? मी तं फसली होती." मी म्हटलं, म्हणूनच.

मणी मोडायच्या आधी आणि नंतरही, दर संक्रांतीला आई ती एकदाणी रामबाईच्या गळ्यात घालायची. पहिल्या वर्षी रामबाई ऐकेना. आई म्हणाली, "तू बोलली नसती तं हे माह्याही गळ्यात नसतं. एक दिवस घाल." तेव्हापासून नेमच झाला. आई गेल्यावर मी नेऊन द्यायची. रामबाई दिवसभर मिरवायची, आरशात पाहायची, आणि संध्याकाळी परत आणून द्यायची. "एक दिवसाचं सोनं बरं असते वो कांता. चोराचं भेव नाई."

परत देताना एकदाणी तिच्या सुताच्या गुंडीत गुंडाळलेली असायची. त्या सगळ्या गुंड्या माझ्या पेटीत आहेत. माझी नात आज त्यातली एक काढून बोटांत सूत धरून बसली आहे, हातभर ओढते, थांबते. थोड्या वेळापूर्वी मला म्हणाली, "आजी, माझ्या मैत्रिणींनाही तो फोन आला असेल का गं?"

मी म्हटलं, विचारून पाहा. आणि भाकर खाऊन घे आधी.