दोन पंप आणि वरच्या काकू

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंइतका संशयी माणूस अख्ख्या नवीन पनवेलमध्ये शोधून सापडणार नाही. माणसांवर त्यांचा भाबडा विश्वास. संशय फक्त यंत्रांवर. निवृत्त होईपर्यंत अणुवीज केंद्रांची सुरक्षितता तपासणं हेच त्यांचं काम होतं. "आणि हे बंद पडलं तर?" हा प्रश्न विचारायचा त्यांना पगार मिळायचा, आता तो त्या फुकट विचारतात. रिक्षावाल्याला विचारतात, मिक्सर विकणाऱ्याला विचारतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी मांडववाल्याला गाठलं. "हा खांब निघाला तर?" तो म्हणाला, "नाय निघत, काकू." "हे खांबानं सांगितलं?" बिचाऱ्यानं मुकाट्यानं शेजारी आणखी एक खांब रोवला.

सोसायटीत आग विझवायचे नवे पंप बसले, तेव्हा मात्र गंमत संपली. सेक्रेटरी ठेकेदाराच्या कागदावर सही करणार, एवढ्यात काकू खाली उतरल्या.

"मॅडम, दोन पंप आहेत. एक बंद पडला तर दुसरा," सेक्रेटरी कौतुकानं म्हणाले.

"दोन्हींना वीज कुठून?"

"मीटर रूममधून. आणखी कुठून?"

"मग ते दोन नाहीत, एकच आहे. मीटर रूमलाच आग लागली तर? मेन स्विच पाडा आणि पंप चालवून दाखवा."

रविवार होता, घरोघरी मॅच चालू होती. स्विच पाडायला कोण तयार होणार? काकूंनी मीटर रूमच्या दारात खुर्ची टाकली, मांडीवर ताट घेतलं आणि मोड आलेले वाल सोलायला बसल्या. येणारे-जाणारे हसले. कुणीतरी "अणुबॉम्ब काकू" असंही म्हणालं. ते त्यांनी ऐकलं आणि पुढचा वाल उचलला. दोन वेळा सेक्रेटरी समजूत घालून गेले, एकदा चिडूनही गेले. संध्याकाळी वैतागून सेक्रेटरींनीच स्विच पाडला.

अख्खी इमारत गप्प झाली. ठेकेदार एका पंपाचं बटण दाबत होता, मग दुसऱ्याचं. काहीच हललं नाही.

"अहो, पंप चालू करा ना!" वरून कुणीतरी ओरडलं.

"तेच करतोय," तो पडेल आवाजात म्हणाला.

सही झाली नाही. महिन्याभरात डिझेलवर चालणारा तिसरा पंप आला, तोही उंच ओट्यावर, पाणी साचलं तरी बुडू नये म्हणून.

तो बसला त्या दिवशी चहा पिताना मी म्हटलं, "काकू, आज जिंकलात."

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझी लेक लहानपणी विचारायची, आई, तू काय बांधलंस? तिच्या मैत्रिणीच्या बाबांनी पूल बांधला होता, सगळे बघायला गेले होते. हिला मी कुठे नेणार? काय दाखवणार, की बघ बाळ, इथे काही झालं नाही?"

कपातला चहा निवला होता. तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.